माया पुरेशी असते का?
‘देवराई’, ‘अस्तु’ आणि ‘कासव’ यांच्या निमित्ताने

जर्मनीत काही वर्षे काढली की एक गोष्ट लक्षात येते. मनाच्या आजारांना नावे देण्याचे काम या भूमीवर फार लवकर सुरू झाले. (आपल्याकडे आपण नावे ठेवतो, तो भाग वेगळा.) विल्हेल्म वुंट यांनी १८७९ साली लाइपझिगला प्रयोगशाळा थाटली, तेव्हापासून मानसशास्त्र हे स्वतंत्र शास्त्र झाले असे मानतात. ‘स्किझोफ्रेनिया’ हा शब्द ऑयगेन ब्लॉयलर या स्विस मनोविकारतज्ज्ञांनी १९०८ साली बर्लिनच्या एका व्याख्यानात प्रथम वापरला. आणि ‘अल्झायमर’ हे तर फ्रँकफर्टच्या मनोरुग्णालयात नोकरी करणाऱ्या एका डॉक्टरांचे आडनाव.

नावे इथली, हे खरे. पण त्या नावांसकट घरात जगायचे कसे, हे मराठीत कुणी नीट सांगितले असेल तर ते सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर या जोडीने. ‘देवराई’ (२००४), ‘अस्तु’ (२०१३) आणि ‘कासव’ (२०१६) हे त्यांचे तीन चित्रपट. पहिला स्किझोफ्रेनियावर, दुसरा स्मृतिभ्रंशावर, तिसरा नैराश्यावर. ‘कासव’ला राष्ट्रीय पुरस्कारांतले सुवर्णकमळ मिळाले. सुमित्राबाई एप्रिल २०२१ मध्ये गेल्या. त्यानंतर मी हे तिन्ही चित्रपट ओळीने पुन्हा पाहिले, आणि सुटे पाहताना जे जाणवले नव्हते ते एकत्र पाहताना जाणवले. त्याविषयी हा लेख आहे.

आधी माझ्या अधिकाराविषयी. या देशाच्या रीतीप्रमाणे आमच्या घंटीच्या पाटीवर नावाआधी ‘डॉ.’ आहे. त्यामुळे वरच्या मजल्यावरच्या आजीबाई अधूनमधून गुडघा दाखवायला येतात. पण माझी डॉक्टरेट यंत्रांच्या कंपनांतली आणि पोट चालते सॉफ्टवेअरवर. तेव्हा मी लिहितो आहे तो प्रेक्षक म्हणून, आणि घरात या तिघांपैकी एका आजाराशी गाठ पडलेला माणूस म्हणून.

प्राथमिक मानसशास्त्राचे कुठलेही पाठ्यपुस्तक उघडा. आरंभी मेंदू आणि ज्ञानेंद्रिये, मध्ये स्मृती, भावना वगैरे, आणि शेवटी आजार व उपचार, अशी साधारण मांडणी असते. हे तीन चित्रपट म्हणजे या पुस्तकातली तीन प्रकरणेच आहेत. ‘देवराई’ ज्ञानेंद्रियांचे, ‘अस्तु’ मेंदूचे आणि ‘कासव’ उपचारांचे. पहिली दोन प्रकरणे उत्तम वठली आहेत. तिसरे सर्वांत देखणे आहे, पण माझा मतभेद तिथेच आहे.

‘देवराई’चा नायक शेष (अतुल कुलकर्णी) हा कोकणातला हुशार, हळवा मुलगा. गावच्या देवराईचा त्याला ध्यास आहे. हळूहळू त्या ध्यासाची सीमा सुटते. जे नाही ते ऐकू येऊ लागते, दिसू लागते. लग्न होऊन आपल्या संसारात असलेली बहीण सीना (सोनाली कुलकर्णी) त्याला आपल्याकडे आणते आणि मग तिच्या घराची जी ओढाताण होते, ती म्हणजे हा चित्रपट.

दिग्दर्शकांनी इथे एक महत्त्वाची गोष्ट साधली आहे. शेषला जे दिसते-ऐकू येते ते ‘खोटे’ म्हणून बाजूला न काढता ते त्याला किती खरे वाटते हे त्यांनी दाखवले. शास्त्रही हेच सांगते. हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने १८६७ साली पुऱ्या केलेल्या दृष्टीविषयीच्या ग्रंथात म्हटले होते की पाहणे म्हणजे नकळत केलेले अनुमान असते. डोळा आणि कान कच्चा माल पुरवतात. त्याचा अर्थ मेंदू लावतो, आणि तो लावताना आधीच्या अनुभवावर भिस्त ठेवतो. याचा अनुभव तुम्हीआम्ही रोज घेतो. स्टेशनच्या गोंगाटात मागून कुणीतरी ‘अहो’ म्हणाले असे वाटून आपण वळतो, आणि मागे असतो एक बव्हेरियन गृहस्थ, स्वतःच्या कुत्र्याशी बोलणारा. आपला मेंदू चूक उमगताच अनुमान मागे घेतो. शेषच्या बाबतीत ते मागे घेतले जात नाही. १९९९ साली फ्रँकफर्टमधील संशोधकांनी असे आवाज ऐकू येणाऱ्या रुग्णांच्या मेंदूची चित्रे घेतली, तेव्हा आवाज चालू असताना श्रवणकेंद्राचा प्राथमिक भाग जागा झालेला दिसला. म्हणजे बाहेर आवाज नसताना मेंदू ऐकत होता. अशा माणसाला ‘असे काही नाही, मनातून काढून टाक’ हे सांगणे म्हणजे दात दुखणाऱ्याला दात विसर म्हणण्यासारखेच.

या चित्रपटामागे आपल्यासारख्याच एका परदेशस्थ मराठी माणसाचे पाठबळ होते हेही सांगायला हवे. कॅनडातल्या कॅलगरी विद्यापीठात प्राध्यापक असलेले डॉ. जगन्नाथ वाणी यांनी घरातच हा आजार पाहिला होता. त्यांनी १९९७ साली पुण्यात ‘स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन’ स्थापन केली, आणि ‘देवराई’च्या निर्मितीत या संस्थेचा वाटा होता. कुटुंबांना आजार समजावा हा हेतू. तो चित्रपटभर दिसतो, पण कुठेही प्रचारपट झालेला नाही. सीनाचे दमणे, चिडणे, नवऱ्याशी उडणारे खटके, हे सगळे झाकून न ठेवता दाखवले आहे.

माझी तक्रार एवढीच, की शेषच्या आजाराला चित्रपटाने कारणांची जी पार्श्वभूमी दिली, म्हणजे एकटेपण, हळवेपण, कल्याणीविषयीची अपुरी राहिलेली ओढ, ती कथेला शोभते पण प्रेक्षकाला चकवते. चित्रपट पाहून ‘बिचाऱ्याचा प्रेमभंग झाला म्हणून’ असे म्हणणारे मला भेटले आहेत. हा आजार शंभरात सुमारे एकाला होतो. एकसारख्या जुळ्यांपैकी एकाला झाला तर दुसऱ्याला होण्याची शक्यता निम्म्याच्या आसपास जाते, म्हणजे आनुवंशिकतेचा वाटा मोठा. पण निम्म्यांना होत नाही, म्हणजे परिस्थितीचाही वाटा आहेच. आणि त्या परिस्थितीत आपण बसतो. नॉर्वेहून मिनेसोटात गेलेल्या लोकांमध्ये स्किझोफ्रेनियाचे प्रमाण जास्त असल्याचे अदेगोर या नॉर्वेजियन तज्ज्ञाने १९३२ सालीच दाखवले होते, आणि पुढे युरोपातल्या स्थलांतरितांच्या अनेक पाहण्यांत तसेच आढळले. बहुतेक स्थलांतरितांना हा आजार कधीच होत नाही, तेव्हा घाबरण्याचे कारण नाही. परंतु ‘आमच्या शिकल्यासवरल्या घरांत असले काही नसते’ या समजुतीलाही आधार नाही.

कुटुंबाचा वाटा कुठे येतो, हे मात्र ‘देवराई’ने अचूक ओळखले. आजार कुटुंबामुळे होत नाही, पण उलटतो का, हे बऱ्याच अंशी घरातल्या बोलण्यावर ठरते. टोमणे, सततची टीका आणि गुदमरवणारी काळजी असलेल्या घरांत रुग्ण पुन्हा आजारी पडण्याचे प्रमाण अधिक असते, असे लंडनच्या संशोधकांनी १९७० च्या दशकात दाखवले. हीच तपासणी चंदीगड भागात झाली (ती १९८७ साली प्रसिद्ध झाली), तेव्हा अशी टीकाखोर घरे लंडनपेक्षा कमी आढळली. आपल्या एकत्र कुटुंबाला एवढे तरी श्रेय द्यायला हरकत नाही. म्हणजे सीनाने आजार समजून घेणे, बोलण्याचा सूर बदलणे, हा औषधोपचाराला जोडून केलेला खराखुरा उपचार आहे. ‘देवराई’त माया आणि औषध एकाच घरात नांदतात. हे लक्षात ठेवावे, कारण पुढच्या दोन चित्रपटांत ती जोडी सुटत जाते.

‘अस्तु’त डॉ. चक्रपाणी शास्त्री (मोहन आगाशे) हे संस्कृतचे गाढे पंडित. स्मृती निसटत चालली आहे. मुलगी इरा (इरावती हर्षे) त्यांना मोटारीतून नेत असताना ते रस्त्यात एक हत्ती पाहतात आणि त्याच्या मागे निघून जातात. इकडे शोधाशोध, तिकडे माहुताची बायको चन्नम्मा (अमृता सुभाष) या भरकटलेल्या म्हाताऱ्याला पोटच्या पोरासारखे सांभाळते, आणि ते तिला आई समजतात. अमृता सुभाष यांना या भूमिकेसाठी आणि सुमित्राबाईंना संवादांसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाले.

हे पाहताना मला फ्रँकफर्टची ऑगुस्टे नावाची बाई आठवते. नोव्हेंबर १९०१ मध्ये पन्नाशीत तिला तिथल्या मनोरुग्णालयात दाखल केले. डॉ. अलॉइस अल्झायमर यांनी तिची तपासणी लिहून ठेवली. नाव विचारले तर ‘ऑगुस्टे’. आडनाव विचारले तरी ‘ऑगुस्टे’. नवऱ्याचे नाव विचारले तरीही तेच. एप्रिल १९०६ मध्ये ती वारली. त्याच वर्षी नोव्हेंबरात अल्झायमरनी ट्यूबिंगेनला तिच्या मेंदूतले बदल सहकाऱ्यांपुढे मांडले, आणि १९१० साली क्रेपेलिन यांनी आपल्या पाठ्यपुस्तकात या आजाराला अल्झायमरांचे नाव दिले. तिचे कागद पुढे हरवले होते, ते नव्वदच्या दशकात फ्रँकफर्टलाच सापडले. शंभराहून अधिक वर्षे लोटली. २०२५ साली युरोपीय संघाने लेकॅनेमॅब या औषधाला मान्यता दिली, पण तेही फक्त अगदी आरंभीच्या टप्प्यासाठी, आणि ते आजाराची गती थोडी कमी करते इतकेच. चक्रपाणी शास्त्र्यांच्या टप्प्याला औषधाच्या कपाटात आजही फारसे काही नाही.

म्हणूनच ‘अस्तु’ने औषधाकडे पाठ फिरवून दुसराच प्रश्न विचारला, तो योग्य होता: स्मृती गेली तर माणूस उरतो का? शास्त्राचे उत्तर असे की आजार आधी नव्या आठवणी नोंदवणाऱ्या भागांवर घाला घालतो. सकाळी काय खाल्ले हे जाते. लहानपणी घोकलेले, तालात बसलेले पुष्कळ काळ टिकते. स्पर्शातली ऊब, आवाजातला राग कळणे हेही टिकते. कशामुळे बरे वाटले हे विसरले तरी बरे वाटणे मागे राहते. चक्रपाणींना चन्नम्मा कोण हे माहीत नाही, तिची कन्नड त्यांना पुरती कळण्याचा प्रश्न नाही, पण तिच्या हाताला काय म्हणायचे आहे ते कळते. आगाशे स्वतः मनोविकारतज्ज्ञ आहेत; त्यांच्या डोळ्यांतले ते कोरे कुतूहल ज्यांनी घरी पाहिले आहे त्यांना तो अभिनय वाटणार नाही.

आता मतभेदाची जागा. चन्नम्मा त्यांना सांभाळते तो काळ थोडा. इरा सांभाळते आहे वर्षानुवर्षे. चन्नम्माला त्यांचा भूतकाळ ठाऊक नाही, त्यामुळे तिने काही गमावलेले नाही. इराच्या डोळ्यांसमोर विद्वान बाप रोज थोडा थोडा जातो आहे. चित्रपट इराला दोष देत नाही. तिची घुसमट त्याने समजुतीने दाखवली आहे. पण दोघी एकाच पडद्यावर शेजारी शेजारी आल्या की प्रेक्षक तुलना करणारच. आणि ती करताना गरीब, अशिक्षित स्त्रीकडे उपजत माया असते आणि शहरी, शिकलेल्या मुलीकडे फक्त वेळापत्रक, असा सोपा निष्कर्ष निघतो. हा चन्नम्मावरही अन्याय आहे. तिच्याकडे शास्त्रीबुवा तीन वर्षे राहिले असते, रात्री चारदा उठवत राहिले असते, तर तिचाही आवाज चढला असता. त्याने तिची माया कमी ठरली नसती.

हे मला लागते याचे कारण घरचे आहे. माझे वडील पुण्यात असतात. गेली चार वर्षे त्यांचे विस्मरण वाढत चालले आहे आणि धाकटी बहीण त्यांना सांभाळते. रविवारी व्हिडिओ कॉलवर ते मला ‘बंडू’ म्हणतात. बंडू म्हणजे माझा काका. तो जाऊन वीस वर्षे झाली. मी बंडू होऊन बोलतो. अर्धा तास छान जातो. फोन ठेवल्यावर उरलेले साडेतेवीस तास बहिणीचे. म्हणजे चन्नम्माची जागा माझ्याकडे आहे, थोड्या वेळाची, गोड. इराची जागा तिच्याकडे.

डॉक्टरांच्या जगात यासाठी एक गमतीचे नाव आहे. १९९१ साली वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या एका लेखाने ‘कॅलिफोर्नियाहून आलेली मुलगी’ असे त्याचे बारसे केले. वर्षानुवर्षे सांभाळणारे जवळचे नातेवाईक एका निर्णयाशी आलेले असतात. तेवढ्यात दुरून एक नातेवाईक विमानाने उतरतो आणि डॉक्टर बदला, औषधे बदला, तुम्ही नीट बघत नाही, असे सुरू करतो. आपल्या मंडळाच्या सभासदांपैकी किती जण दर डिसेंबरात पुणे-नागपूर-कोल्हापूरला ती मुलगी किंवा तो मुलगा होऊन उतरतात, याची नोंद कार्यकारिणीने ठेवलेली नाही, हे बरे. ‘अस्तु’ पाहून आपण हुंदका आवरत बाहेर पडतो तेव्हा तो चन्नम्मासाठी असतो. तो इरासाठी असायला हवा, आणि हुंदक्याबरोबर रात्रपाळीच्या मावशींचा पगारही जायला हवा.

‘कासव’ची गोष्ट थोडक्यात अशी. आत्महत्येचा प्रयत्न केलेला एक तरुण (आलोक राजवाडे) रस्त्यात जानकीला (इरावती हर्षे) सापडतो. ती अमेरिकेतला संसार मागे टाकून परतलेली. स्वतः नैराश्यातून गेलेली. ती त्याला कोकणात समुद्राकाठच्या घरी नेते. तिथे कासवांच्या रक्षणाला वाहून घेतलेले दत्ताभाऊ (मोहन आगाशे) आहेत, यदू (किशोर कदम) आहे, परशू हा छोटा मुलगा आहे. कुणी त्या तरुणाला खोदून विचारत नाही. जेवण येते, दार उघडे राहते, समुद्र दिसतो.

कासवाची उपमा इथे नुसती शोभेची नाही. ऑलिव्ह रिडले कासवाची मादी किनाऱ्यावर शंभरेक अंडी घालून निघून जाते. कोकणात वेळासला चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ संस्थेने २००२ पासून गावकऱ्यांना घेऊन हे काम उभे केले: अंडी कुत्र्याकोल्ह्यांपासून जपायची, कुंपणाच्या आत वाळूत पुरायची, साधारण दीड-दोन महिने थांबायचे. पिल्ले बाहेर आली की त्यांना पाण्यापासून थोड्या अंतरावर सोडायचे. समुद्रापर्यंत त्यांचे त्यांना चालू द्यायचे. मानसोपचाराचे यापेक्षा चांगले चित्र मी पाहिलेले नाही. कार्ल रॉजर्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९५० च्या दशकात ज्याला विनाअट स्वीकार म्हटले, तो जानकीच्या वागण्यात काठोकाठ आहे. सल्ला नाही, ‘का केलेस’ नाही, ‘तुला काय कमी होते’ हे आपले लाडके वाक्य तर नाहीच.

मग अडते कुठे? तर इथे, की कुंपण आहे, वाळू आहे, समुद्र आहे, पण उपचार जवळजवळ पडद्याबाहेर आहे. जानकीला उपचारांची ओळख आहे हे कळते. त्या तरुणाच्या बाबतीत मात्र सगळा भार माणसांच्या चांगुलपणावर आणि निसर्गावर टाकलेला आहे. ‘देवराई’त औषध आणि माया बरोबरीने होती, ‘अस्तु’त औषधाला वावच नव्हता, आणि ‘कासव’मध्ये वाव असूनही ते मागे सरले. वास्तविक नैराश्य हा या तिघांतला सर्वांत उपचारसाध्य आजार. औषधे आहेत, विचारांची आणि वर्तनाची घडी बदलणाऱ्या पद्धती आहेत, त्यांचा परिणाम तपासून पाहिलेला आहे. मराठीतही हे परके नाही, डॉ. आनंद नाडकर्णींची ठाण्याची संस्था १९९० पासून हेच काम मराठीतून करते आहे.

त्याच २०१६ साली गौरी शिंदे यांचा ‘डिअर जिंदगी’ आला. तोही समुद्राकाठचा, गोव्याचा. त्यात समुपदेशक चक्क शाहरुख खान. वास्तवात असे भाग्य कुणाला लाभत नाही. चित्रपट म्हणून ‘कासव’ त्याच्यापेक्षा कितीतरी खोल आहे. परंतु ‘डिअर जिंदगी’ने एक गोष्ट दाखवली जी ‘कासव’ने दाखवली नाही: ठरलेली वेळ, एक खोली, समोर एक शिकलेला माणूस, आणि काम झाले की संपणारे नाते. नायिकेला भेटी पुढेही चालू राहाव्यात असे वाटते, तेव्हा तो नकार देतो. जानकीच्या घरी असा दरवाजा बंद होत नाही, म्हणून ते घर आपल्याला हवेसे वाटते. पण जानकी किती जणांना पुरणार?

दुसरा धोका अधिक गंभीर. ‘कासव’ची शांतता पाहून घरचे लोक असा अर्थ काढू शकतात की आत्महत्येचा विषयच काढू नये. अभ्यास उलट सांगतात. ‘जीव द्यावासा वाटतो का?’ असे सरळ विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. बहुतेकदा विचारलेल्याला सुटल्यासारखे वाटते. चित्रपटाच्या बाजूने एक सांगितले पाहिजे. तो आला तेव्हा भारतात आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा होता. मे २०१८ मध्ये नवा मानसिक आरोग्य कायदा अमलात आल्यावर असा माणूस तीव्र तणावाखाली होता असे गृहीत धरले जाऊ लागले, आणि जुलै २०२४ पासूनच्या भारतीय न्याय संहितेत ते सरसकट कलमच राहिले नाही. शिवाय देशात २०१५-१६ साली झालेल्या राष्ट्रीय पाहणीत निरनिराळ्या मनोविकारांच्या सत्तर ते ब्याण्णव टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोचत नसल्याचे आढळले होते. जिथे खोली नाही आणि समोरचा शिकलेला माणूसही नाही, तिथे जानकी ही चैन नसून गरज आहे. पुण्याच्या प्रेक्षकाला ‘कासव’ म्हणतो: तज्ज्ञ येईपर्यंत तू माणूस हो. हे म्हणणे रास्त आहे.

पण आपण जर्मनीतले प्रेक्षक आहोत, आणि आपला हिशेब उलटा आहे. इथे १९९९ पासून मानसोपचारतज्ज्ञाच्या व्यवसायाला स्वतंत्र कायदा आहे. विमा प्रौढांना वर्तनोपचाराचे ८० तास आणि मनोविश्लेषणाचे ३०० तासांपर्यंत देऊ शकतो. रांग मोठी आहे; मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेच्या २०१८ च्या अहवालात पहिल्या संपर्कापासून उपचार सुरू होईपर्यंत सरासरी सुमारे पाच महिने लागत होते. तरीही रांगेच्या टोकाला दार आहे. नाही ते जानकीचे घर. आपण तीन खोल्यांच्या भाड्याच्या घरात, शेजाऱ्याला रात्री दहानंतर आंघोळीच्या पाण्याचा आवाज चालत नाही, आणि शनिवारी मंडळात भेटणाऱ्यांना आपण ‘मजेत’ असतो.

केवळ नावे आणि व्यवस्था असून भागत नाही, याचा दाखला याच भूमीत आहे. श्टुटगार्टहून तासाभरावर ग्राफेनेक नावाची टेकडी आहे. तिथे १९४० साली एकाच वर्षात दहा हजारांहून अधिक मनोरुग्ण आणि अपंग माणसे वायूने मारली गेली. ऑगस्ट १९४१ पर्यंत अशा सहा ठिकाणी मिळून सुमारे सत्तर हजार. रुग्णांचे कागद व्यवस्थित होते, निदाने ब्लॉयलर-क्रेपेलिनच्या शब्दांत लिहिलेली होती. नावे होती, माया नव्हती. पुढे १९७५ च्या संसदीय अहवालाने मनोरुग्णालयांची दैना उघड केली, त्यानंतर सुधारणांना वेग आला. माया पुरत नाही असे मी म्हणतो तेव्हा मायेला कमी लेखत नाही. ती नसेल तर काय होते याच्या पाट्या इथल्या टेकड्यांवर आहेत.

राहतो भाषेचा प्रश्न, आणि तिथे हे तिन्ही चित्रपट आपल्याला सर्वांत जास्त उपयोगी आहेत. मराठी माणसाचे मन शरीरातून बोलते. जीव घाबरा होतो, पोटात खड्डा पडतो, कशात जीव लागत नाही, घर खायला उठते. जर्मन तज्ज्ञासमोर ‘घर खायला उठते’ हे कसे सांगणार? दुभाष्याचा खर्च सरकारी आरोग्यविमा साधारणपणे देत नाही. दुसरीकडे आपल्या मुलांना ‘डिप्रेसियोन’ हा शब्द शाळेत शिकवलेला असतो, पण तो आजीला मराठीत कसा सांगायचा हे त्यांना येत नाही. आजीकडे मराठी आहे, शब्द नाही. नातीकडे शब्द आहे, मराठी नाही. मधे आपण, दोन्ही असून गप्प. शेषचे भांबावणे, इराचे दमणे, त्या तरुणाचे मिटून जाणे, हे मराठीत, घरच्या वाक्यांत आणि घरच्या उसाशांत दाखवून या चित्रपटांनी आपल्याला बोलण्यासाठी साहित्य दिले. ‘मला त्या ‘कासव’मधल्या मुलासारखे होते’ एवढे एक वाक्य पंधरा वर्षांच्या मुलाने आईला म्हटले, तरी सुमित्राबाईंचे काम झाले. तिथून पुढचे काम त्या आईने चित्रपटावर न सोडता दुसऱ्या दिवशी सकाळी फोन उचलून करायचे आहे.

तेव्हा कार्यकारिणीपुढे एक सूचना ठेवतो. येत्या हिवाळ्यात हे तीन चित्रपट ओळीने, महिन्यातून एक, दाखवावेत. दोन अटी आहेत. चित्रपट संपल्या संपल्या चहा आणि बटाटेवडे बाहेर काढू नयेत. अर्धा तास लोकांना बसू द्यावे आणि बोलू द्यावे. आणि दाराशी एक कागद लावावा: मानसोपचाराच्या पहिल्या भेटीसाठी ११६११७, जिवाचा प्रश्न असेल तर ११२, रात्री-अपरात्री नुसते बोलायचे असेल तर टेलेफोनझेलझोर्गे ०८०० १११ ० १११, आणि भारतातल्या नातेवाइकांसाठी ‘टेली मानस’ १४४१६. कागद मी छापून आणीन. वड्यांचे कुणीतरी पाहावे.